पुंडलिकमामांची सात पैंजणं

फोन आला तेव्हा मी आदिलाबादच्या आमच्या शाळेत, स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. आमच्या गावाहून, बेल्याहून, रमेशचा, म्हणजे पुंडलिकमामांच्या मुलाचा, फोन. "ताई, बाबा गेले. सकाळी चहा पेला, अंगनात खाटेवर टेकले, अन् झालं." मी डब्याचं झाकण परत लावलं. समोरच्या मॅडमनी तेलुगूत काय झालं म्हणून विचारलं, "एमैंदी मॅडम?" आमच्या गावचे एक मामा गेले, मी सांगितलं. सख्खे? नाही. मग कोण? आता आली का पंचाईत… मी म्हटलं, आमच्या गावच्या नाटकात होते. कोणतं काम करायचे? कोणतंच नाही. गायचे? छे, गाणं आणि मामा यांचं कधी पटलंच नाही. मग करायचे तरी काय? प्रॉम्प्टर हा शब्द काही त्यांना माहीत नव्हता. मी थोडं तेलुगूत, थोडं हिंदीत आणि उरलेलं हातवारे करून समजावलं. त्या विचार करून म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांचं बोलणं तेच बोलायचे, फक्त लोकांना ऐकू यायचं नाही." इतकं नेमकं तर मलाही कधी सांगता आलं नव्हतं. मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं.

पुंडलिकमामा भाजीवाले. गावाबाहेर विहिरीला लागून त्यांचा वांगी-मेथीचा मळा होता आणि आठवडी बाजारात त्यांची जागा ठरलेली. वांगं निवडणाऱ्या बाईच्या हातावर चापट मारणारा हा गावातला एकच भाजीवाला. "दाबून काऊन पाह्यतेस बाई, ते काय पळून चाल्लं?" असं म्हणायचे आणि वर एक वांगं जास्तीचं टाकायचे. पण कापूस वेचून झाला, जत्रा जवळ आली की मामांचा जीव मळ्यात रमत नसे. आमचं गाव तेव्हा आंध्रात असलं तरी दर जत्रेला मराठी संगीत नाटक व्हायचं, आणि तेही वर्षानुवर्षं एकच… 'पैंजणाची पैज'. सीमेपलीकडून आलेल्या कुठल्याशा नाटक कंपनीने ते पहिल्यांदा बेल्यात केलं आणि गाव त्यावर असं काही भाळलं, की कंपनी येईनाशी झाल्यावर गावाने ते स्वतःच करायला घेतलं. राजकन्येची पैज अशी, की डोळ्यांवर पट्टी बांधून सात जणींच्या पैंजणांतून जो माझं पैंजण आवाजावरून ओळखेल त्यालाच मी वरेन. सात जणी एकामागून एक येणार, सातही पैंजणांना निराळं गाणं, आणि सातव्याला नाटकाचा नायक, म्हणजे नावाडी, ओळखणार. मग पट्टी सुटणार आणि तो तिला पहिल्यांदा पाहणार. इथे अख्खं गाव श्वास रोखून बसायचं. राजकन्या करायचा गणपत टेलर, आणि पेटीवर माझे बाबा. आमच्या बौद्ध वस्तीतल्या गाण्यांच्या पार्टीत ते पेटी वाजवायचे, म्हणून नाटकवाल्यांनी त्यांना बोलावून नेलं ते कायमचंच. बाबांचं बोट धरून मी तालमीला जायची, म्हणून माझी आणि मामांची दोस्ती.

मामा बसायचे विंगेत, भाजीच्या उपड्या टोपलीवर. मांडीवर नाटकाची वही, हातात बॅटरी. मूळ वही वाळवीने खाल्ली, तेव्हा नववीत असताना मी ती पुन्हा लिहून काढली, कारण मामांच्या मते माझं अक्षर "सरकारी कागदासारखं" होतं. वहीच्या समासात त्यांच्या खुणा असायच्या: 'दम', 'टाळी, थांबा', 'इथं गणपत अडते'. आणि वहीच्या मागच्या पानांवर दर वर्षीच्या प्रयोगाची एकेक ओळ, अगदी निर्दय. 'गणपत दोनदा अडला.' 'पेटी पट्टी चुकली.' 'नावाड्यानं बिडी पिऊन प्रवेश केला, खोकला.' गावात तहसीलदाराच्या शेऱ्याला कोणी भीत नसे, पण मामांच्या ओळीला सगळे भ्यायचे. माझे बाबा तर त्या 'पट्टी चुकली'वरून वर्षभर धुसफुसत होते.

आणि मग एक दिवस बातमी आली की 'पैंजणाची पैज'चा सिनेमा निघतोय! नागपूरहून येणारा पेपर न्हाव्याच्या दुकानात यायचा, त्यात आलं होतं. गावाला जे काही झालं ते विचारू नका. पोस्टरचा फोटो कापून गणपतने शिलाई मशीनच्या वर चिकटवला आणि नटीच्या पोलक्याच्या बाह्या कशा कापल्यात ते गिऱ्हाइकांना समजावू लागला. गाण्यांची कॅसेट आली तेव्हा चहाच्या हॉटेलात बसायला जागा मिळेना. दोन तट पडले. एक म्हणे, चाली बदलल्या, सत्यानाश केला. दुसरा म्हणे, हेच खरं गाणं, आपले लोक इतके दिवस रेकत होते. बाबा दुसऱ्या तटात जाऊच शकत नव्हते. मामा मात्र कोणाच्या बाजूने बोलेनात. एका दुपारी मी त्यांच्या मळ्यात मेथी आणायला गेले तर जुडी बांधता बांधता म्हणाले, "पोरी, सिनेमा लागला की आपन जाऊन राह्यलो. पयल्या दिवशी."

"तुम्हाला तर सगळं पाठ आहे मामा."

"पाठ हाय. पन बावीस वर्सं झाले, म्या हे नाटक पाह्यलं नाही. आयकलं. मले विंगेतून सगळ्याइच्या पाठी दिसते, अन् डोळे तं वहीत. गनपतची पाठ हजारात वळखीन म्या. पट्टी सुटल्यावर त्याचं तोंड कसं होते, ते मले मालूम नाही." मग जुडी माझ्या हातात देत म्हणाले, "एकडाव समोरून पाह्याचं हाय… मरायच्या आंधी."

आदिलाबादच्या टॉकीजला तेलुगू सिनेमांतून सवड नव्हती. आमचा सिनेमा लागला पैनगंगेपलीकडे, महाराष्ट्रात. नदीपर्यंत बैलगाड्या, पुढे डोंगा, आणि पलीकडून मिळेल ते वाहन, अशी आमची तीसेक माणसं दुपारच्या खेळाला निघाली. आमचा नावाडी, म्हणजे नाटकात नावाड्याचं काम करणारा, डोंग्यात काठ घट्ट धरून डोळे मिटून बसला होता, कारण त्याला पाण्याची भीती. खऱ्या डोंगेवाल्याने त्याला इतकं छेडलं की बिचारा परतताना पायी जातो म्हणू लागला. बायकांनी पदरात अक्षता बांधून आणल्या होत्या. आमच्याकडे शेवटच्या लग्नात प्रेक्षकच अक्षता टाकतात, तेव्हा सिनेमात का नाही? टाकल्या, तर झाडूवाला आमच्यावर धावून आला. पहिलं गाणं संपलं आणि आमच्या दोन रांगांनी एका सुरात 'वन्समोर' केला. गाणं काही परत झालं नाही, पडद्यावरची नटी सरळ घोड्यावर बसून निघून गेली. गणपत म्हणाला, "काय माज हाय बे हिले!"

मी मामांच्या शेजारी बसले होते. खेळ सुरू झाला आणि माझ्या कानाशी कुजबुज सुरू झाली. पडद्यावरचा राजा तोंड उघडायच्या आत मामा त्याला पहिला शब्द देत होते! प्रत्येक पात्राला, न चुकता. पुढच्या रांगेतला माणूस वळून म्हणाला, "ओ काका, पिच्चर आधी पाह्यला का तुमी?" मामा म्हणाले, "नाही. पन येते मले." सिनेमावाल्यांनी संवाद बदलले होते, तिथे मामा कासावीस व्हायचे. "चुकला… आता हा पुढं कसा जाईन?" आणि तो आपला सरळ पुढे जायचा. पैजेच्या प्रवेशात सातांच्या जागी तीसेक नाचणाऱ्या आल्या, तेव्हा तर आमच्या रांगेत बंडच झालं. पट्टी सुटायची वेळ आली. मी मामांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, मान खाली, आणि मांडीवर नसलेल्या वहीवरून त्यांचं बोट ओळीओळीने सरकत होतं.

परतताना डोंग्याची वाट पाहत आम्ही वाळूत बसलो होतो. बाकीची मंडळी भांडत होती… गणपत चांगला की ती नटी. बहुमत गणपतच्या बाजूने पडलं, कारण तो जास्त लाजतो. मामा हळूच माझ्याजवळ सरकले. "पोरी, ते हिरॉईन दिसाले कशी होती?"

"म्हणजे? तुम्ही पाहिली नाही?"

"नाही ना बापा. पाह्यली असती तं वाक्य सुटलं असतं."

मी खो खो हसले आणि मग हसू आपोआप थांबलं. इतक्या लांब आलेला हा माणूस सिनेमा न पाहताच परत चालला होता. मी तिथेच वाळूत बसल्या बसल्या म्हटलं, "मामा, यंदा जत्रेत विंगेत मी बसते. तुम्ही समोर बसा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचा मळाच मागितला. "गनपत अडते ना पोरी. म्या नसलो तं सगळा खेळ बसते." ही एवढी एकच भीती त्यांना होती. पण ती खरी होती. गणपतला, बाबांना, सगळ्यांना मी भरीस घातलं आणि शेवटी मामा तयार झाले. महिनाभर मला शिकवलं. श्वास कधी घ्यायचा, बॅटरी कशी झाकायची, पात्र अडलंय की नुसतं थांबलंय हे त्याच्या खांद्यांवरून कसं ओळखायचं. आणि मुख्य म्हणजे, "फकस्त पयला शब्द द्याचा. दुसरा देऊ नको. दुसरा त्याचा हाय." मी आज वर्गात फळ्याशी अडलेल्या पोराला मदत करते तेव्हाही पहिलाच शब्द देते. बी.एड.ला हे कोणी शिकवलं नाही.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला पडदा उघडला. मामा पहिल्या रांगेत, खुर्चीवर, धुतलेलं धोतर नेसून. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. पहिल्या प्रवेशभर त्यांचे ओठ हलत होते, ते मी विंगेतून फटीतून पाहिलं. मग हळूहळू थांबले. मी म्हटलं, जमलं! आणि जमलं म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. पैजेचा प्रवेश आला, तिसरं पैंजण वाजून गेलं, घामेजल्या बोटाला दोन पानं एकदम चिकटली, आणि मी सरळ सातव्याचा पहिला शब्द दिला. मी लिहिलेली वही, माझंच अक्षर! गणपत गडबडला, पण प्रॉम्प्टरचं ऐकायची बावीस वर्षांची सवय… तो तसाच सातव्या पैंजणाच्या गाण्यात शिरला. बाबांनी पेटीवरून माझ्याकडे असे डोळे केले की मी जागीच मेले. चौथी, पाचवी, सहावी मुलगी विंगेत पैंजणं बांधून तशीच उभी, आणि त्यातली एक तर रडायलाच लागली. लोकांत चुळबुळ झाली, कोणीतरी मोठ्याने म्हणालंही, "तीन खाल्ल्या बे!" मला समोर पाहायची हिंमत झाली नाही.

पडदा पडल्यावर मामा आत आले. मी वही छातीशी धरून उभी, आता काय ऐकावं लागतं म्हणून. ते माझ्यासमोरून गेले आणि गणपतपुढे जाऊन थांबले. त्याच्या रंगवलेल्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिले. "गनपत, पट्टी सुटल्यावर तू खरंच रडतेस बे? बावीस वर्सं मले वाटे, तुले सर्दी असते." गणपतने पदराने तोंड पुसलं, तर अर्धा रंग पदराला. मला जाताना एवढंच म्हणाले, "चांगलं झालं पोरी." आणि माझ्या हातातून वही काढून घेतली. पुढच्या वर्षी ते पुन्हा टोपलीवर बसले, आणि टीव्ही घरोघरी येऊन जत्रेतलं नाटक बंद पडेपर्यंत तिथेच बसले. वही मग त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवली. त्या वर्षी मागच्या पानावर माझ्याबद्दल काय लिहिलं असेल, या धास्तीने मी ती कधी मागितली नाही. गेल्या दिवाळीत भेटायला गेले तेव्हा धीर केला. "मामा, त्या जत्रेत मी तीन पैंजणं…" त्यांनी मधेच तोडलं. "भरीत खाऊन जाजो. काटेरी वांगे हायेत, मळ्यातले." ती आमची शेवटची भेट.

तेरवीला गेले तेव्हा रमेशने पत्र्याची पेटी माझ्यापुढे ठेवली. "ताई, हे तुमाले देजो म्हनले होते." ओसरीवर बसून मी वही उघडली. माझं नववीतलं अक्षर, त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा, कुठे मेथीचं वाळलेलं पान. मागची पानं उलटत गेले… 'गणपत अडला', 'गणपत अडला', 'पट्टी चुकली'. मग ते वर्ष आलं. त्या दिवशी चारच पैंजणं वाजली होती, हे सगळ्या गावाने ऐकलं होतं. मामांनी लिहिलं होतं:

'आज समोरून पाह्यलं. सातही वाजले. कोनी चुकलं नाही.'