आठ बादल्यांची गाडी

आमच्या ह्यांनी मोटार घेतली ती पनवेलच्या कोर्टात वकिली चालावी म्हणून. कोर्ट आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर. मोटारीनं दहा लागत, कारण आधी पुढं हँडल घालून, फिरवून फिरवून तिला जागं करावं लागे. पण पक्षकार आधी वकिलाची गाडी बघतो आणि मग वकील, असं ह्यांचं ठाम मत होतं. आणि बघायचीच तर गाडी धुतलेली हवी.

धुतलेली म्हणजे रोज. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या सगळ्या मोटारी तेव्हा गावातूनच जात आणि जाताना अर्धा रस्ता आमच्या अंगणात टाकून जात. सकाळी सहाला हे बनियन आणि पंचा अशा थाटात बाहेर येत, खांद्यावर फडकं टाकत आणि म्हणत, "चला, गाडी धुऊ या." त्यात दोघांची वाटणी ठरलेली होती. हे फडकं मारणार, मी पाणी काढणार. नळ आमच्या आळीत अजून आला नव्हता. परसातल्या विहिरीवरून रहाटानं बादली ओढायची आणि घराला वळसा घालून पुढच्या दारी आणायची, अशा आठ बादल्या. पाणी काढणं बायकांचं आणि मोटार धुणं पुरुषाचं, हे कुणी ठरवलं होतं देव जाणे. येणारेजाणारे थांबून म्हणत, "काय वकीलसाहेब, स्वतः गाडी धुता? कमाल आहे हो तुमची!" मी भरली बादली हातात घेऊन शेजारीच उभी असे. अस्सा संताप यायचा म्हणून सांगू!

अशी सात वर्षं गेली. मग एके दिवशी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई घरी आल्या. लग्नाआधी मी सातवीची फायनल परीक्षा पास झाले होते, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. सकाळच्या वर्गाला शिक्षिका हवी होती. "सातला शाळा भरते. येणार असाल तर सोमवारपासून या. शनिवारपर्यंत कळवा, नाहीतर मी दुसरं कुणी बघते," त्या म्हणाल्या. बाई गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच दोनदा चहा केला, इतका मला आनंद झाला होता.

जेवताना ह्यांना सांगितलं. "अवश्य कर," हे म्हणाले, "माझी काही हरकत नाही." मग भातात आमटीसाठी आळं करता करता ह्यांचा हात थांबला. "पण गाडी?"

"गडी ठेवा एखादा."

"गडी ओरखडे काढतो."

"मग शाळेचं काय?"

"बघू," हे म्हणाले. ह्यांच्या तोंडून 'बघू' आलं की ते प्रकरण बारगळलं, हे मला अनुभवानं माहीत होतं. मी ताटावरून उठलेच.

दुसऱ्या दिवशी नेऱ्याचा एक शेतकरी पक्षकार आला. बांधाचा दावा होता त्याचा. ओटीवर बसल्या बसल्या ह्यांनी त्याला आपली अडचण सांगितली. तो म्हणाला, "सायेब, माझ्याकडं हातपंप हाय. आंब्याच्या मोहराला दवा मारतो आमी त्यानं. आता मोठा घेतलाय, तर हा तुमी घ्या. अशी धार जाते, की फडकं लावायचं कामच नाय."

मी दाराआडून ऐकत होते. पंप मी जन्मात पाहिला नव्हता, पण माझ्या मनानं तेवढ्यात तो विकत घेऊन अंगणात उभासुद्धा केला. पंप गाडी धुतोय आणि मी नीट इस्त्रीचं पातळ नेसून शाळेत चाललेय! मी बाहेर येऊन म्हटलं, "घ्याच तो पंप."

पण वकील माणूस सरळ घेईल तर शपथ. ह्यांनी पंपाचा खटलाच मांडला. सल्ल्याला शेजारचे काका. काका बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, मुंबईच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि कुठल्याही वस्तूचे तोटे तोंडपाठ असलेले. धारेनं रंग उडेल, इंजिनात पाणी जाईल, रबरी नळी उंदीर खातील, दव्याचा वास गाडीला लागेल. ह्यांनी सगळे मुद्दे दाव्याच्या कागदावर लिहून काढले. डाव्या बाजूला घ्यावा, उजव्या बाजूला घेऊ नये. दोन दिवस दोघं त्यावर डोकं लावून बसले होते आणि मी चहा देत होते. शेवटी निकाल असा लागला की शनिवारी सकाळी पंप चालवून बघायचा.

शनिवारी शेतकरी पहिल्या एस.टी.नं पंप खांद्यावर टाकून आला. पितळी नळकांडं, वर लाकडी मूठ, पायानं दाबून धरायची एक पट्टी आणि लांबलचक रबरी नळी. नळकांडं बादलीत उभं करायचं आणि मूठ खालीवर करायची. काका धुतलेले कपडे घालून आले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. "आज शब्बाथ आहे. मी कामाला हात लावणार नाही," ते म्हणाले, "पण सांगायला काही हरकत नाही." आणि त्यांनी लगेच सांगायला सुरुवात केली.

शेतकऱ्यानं मूठ मारली, ह्यांनी नळी धरली आणि खरंच हो, अशी झकास धार निघाली! पुढचं एक चाक धुऊन झालं नाही तोच बादली संपली.

"पाणी!" हे ओरडले.

मी दुसरी आणली. मडगार्डावर गेली. तिसरी बॉनेटवर, चौथी निम्मी काकांवर. "पाणी! पाणी!" मी विहीर ते अंगण आणि अंगण ते विहीर पळत होते. पातळ गुडघ्यापर्यंत भिजलं, श्वास लागला. दहा बादल्या झाल्या तरी गाडीची एक बाजू कोरडीच होती आणि भिजलेल्या बाजूवर धुळीचा चिखल झाला होता.

शेतकऱ्यानं मूठ सोडली. माझ्याकडं बघून म्हणाला, "वैनी, पानी तुमीच काढता?"

"मग कोण काढणार?"

"मंग पंप घेऊन काय उपेग? पंप पानी मारतो. काढीत नाय."

 कागदावर डाव्या बाजूला नऊ मुद्दे होते, उजव्या बाजूला चौदा, आणि तेविसांत पाणी कुठंच नव्हतं! ह्यांना सुचलं नाही, काकांना सुचलं नाही. अहो, पण मला? सात वर्षं रहाट ओढणाऱ्या मला? मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मी बादली ह्यांच्या पुढ्यात आपटली.

"अकरावी तुम्ही काढा."

"अगं, लोक आहेत."

"असू देत. लोकांनाच तर दाखवायची असते ना गाडी?"

हे काकांकडं बघू लागले. काका घाईघाईनं म्हणाले, "आज शब्बाथ आहे." तेव्हा पक्षकारासमोर हे पंचा सावरत विहिरीकडं गेले. बराच वेळ रहाट कुरकुरला. मग आले ते अर्धी बादली घेऊन, उरलेली वाटेत सांडलेली. पंपानं ती दोन मुठींत पिऊन टाकली. ह्यांनी पाच वेळा ये-जा केली. मी ओटीवर बसून बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

"पंप परत न्या," मी शेतकऱ्याला म्हटलं. "आणि अहो, मी शाळेत होकार कळवतेय. सोमवारपासून पाणी तुमचं."

सोमवारी मी साडेसहालाच बाहेर पडले. मागं वळून पाहिलं नाही. दुपारी हे कोर्टातून लवकर आले. ह्यांना लेखणी धरवत नव्हती. दोन्ही तळव्यांना टपोरे फोड आले होते. आठही बादल्या काढल्या होत्या म्हणे, हट्टानं. मी तुपाची वाटी घेऊन बसले आणि फोडांना तूप लावू लागले. ह्यांनी एकदम माझा हात धरला आणि उलटा करून पाहिला. बोटांच्या मुळाशी चार घट्टे होते, वाळल्या खारकेसारखे कडक.

"हे केव्हापासून?"

"गाडी आली तेव्हापासून."

ह्यांनी हात सोडला नाही. तूप दोघांच्या हातांना लागलं. मला पुन्हा रडू आलं, पण ते शनिवारचं नव्हे.

मंगळवारी सकाळी हे गाडीपाशी उभे होते. खांद्यावर फडकं नव्हतं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "रोज रोज धुतली की रंग उडतो गाडीचा." सात वर्षांत हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. एरवी मी सोडलं नसतं, पण त्या दिवशी सोडलं.

"बस. शाळेत सोडतो," हे म्हणाले. पण फोडांमुळे ह्यांना हँडल फिरवता येईना. मग मीच पदर खोचला, हँडल फिरवलं, आणि धुळीनं माखलेल्या गाडीत पुढं ह्यांच्या शेजारी बसून शाळेत गेले.