धाब्यावर ठेवलेलं आभाळाचं सामान

अवकाशात जायचा माल पाथर्डीकडच्या मातीच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, वाळत घालायचा, ही अक्कल आमच्या साहेबांची. सत्तर-एकाहत्तर साल असेल. मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नवाच लागलो होतो, नोकरी अजून कच्ची होती. उपग्रहाला वीज देणाऱ्या सौरपट्ट्यांवर संरक्षणासाठी पातळ काच चिकटवतात. त्यासाठी साहेबांनी एक पारदर्शक चिकट द्रव शोधला होता. शोधला म्हणजे काय, परदेशी लेखात वाचून ढवळला होता. हा द्रव उन्हाने पिवळा पडला की पट्टीला उजेड कमी मिळतो, वीज घटते, आणि वर जाऊन ती बदलायला कोणी नसतं. म्हणून तो आधी उन्हात तावून बघायचा. वरचं ऊन निराळं, आपलं निराळं, हे मॅट्रिकच्या पोरालाही कळतं. पण चाचणीचा खास दिवा मागवायचा तर अर्ज करा, मंजुरीची वाट बघा. साहेब म्हणाले, "तुमच्या गावाला ऊन फुकट मिळतं ना? मग न्या."

मी नेलं. अवकाशाचं काम करणारा माणूस म्हणून गावात मिरवायची हौस मलाही कमी नव्हती. दोन-दोन काचा त्या द्रवाने चिकटवून केलेले बारा तुकडे पत्र्याच्या ताटात मांडले, थोरल्या भावाच्या धाब्यावर ठेवले. "ह्याचं काय करायचं असतं?" वहिनीने विचारलं. मी म्हणालो, "तुम्हाला नाही कळायचं. फक्त जपा."

दोन महिन्यांनी गेलो तर बाराही तुकडे पाण्यासारखे नितळ! मला आनंदाने काही सुचेना. प्रयोगशाळेत निकाल मांडायची बैठक आठ दिवसांवर होती, तुकडे टिकले तर माझी नोकरी पक्की होणार होती.

"लई जपलं बगा, भावजी," वहिनी सांगू लागली. "सकाळी दहाला धोतराची दुहेरी घडी टाकायचे, दिवस कलला की काढायचे. कुरडयांवर टाकते तसंच. येक तुकडा उन्हानं करपू दिला न्हाई."

म्हणजे संरक्षण करणाऱ्या थराचंच दोन महिने संरक्षण झालं होतं. मी तोंडाला येईल ते बोललो. अडाणी म्हणालो. शेजारणी ऐकत होत्या, त्यांचाही मुलाहिजा ठेवला नाही.

"तुमी निस्तं जपा म्हनला हुता," वहिनी म्हणाली. "मग आता ठिवा की परत. ऊन काय पळून चाललंय व्हय?"

सगळ्या प्रयोगशाळेत इतकं शहाणं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. पण परत ठेवायचे म्हणजे आणखी दोन महिने, आणि बैठक आठवड्यावर. मी तुकडे कापसात गुंडाळले आणि एसटी पकडली.

अहवालात लिहिलं, दोन महिने कडक उन्हात ठेवूनही रंगात फरक नाही. खाली माझी सही. साहेबांनी पेढे वाटले, मीही खाल्ला. पुढे उपग्रह वर पाठवायची वेळ आली तेव्हा परदेशी द्रव मागवला गेला आणि आमचा बाटलीतच आटला. त्यामुळे काही बिघडलं नाही, असं मी लोकांना सांगतो. बिघडलं नाही यात माझी कर्तबगारी शून्य.

त्याच वर्षी दिवाळीला गावी गेलो. मी पिशवी खाली ठेवायच्या आत वहिनीने विचारलं, "भावजी, ते तुकडं परत उन्हात ठिवलं का?"

"ठेवले," मी म्हणालो.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "माझ्यापायी वर काय इस्कोट हुतोय का काय, म्हनून चार महिनं जिवाला घोर हुता."

मला एक दिवसही नव्हता.