दोन्ही हातांचा राम राम

आमच्या समोरच्या घरातल्या नानांवर अन्याय झाला, तो पोळ्याच्या आदल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, धरणगावच्या भर बाजारात. कोणी केला ते शेवटी सांगतो. आधी नाना ऐका, कारण अख्ख्या खानदेशात इतका सभ्य जीपवाला झालेला नाही.

वय त्र्याहत्तर. रस्त्यात बैल बसला तर हॉर्न नाही; इंजिन बंद करून त्याचं रवंथ संपेपर्यंत थांबत. वळायचं असलं तर खाली उतरून मागच्या गाडीवाल्याला सांगून येत. आणि ओळखीचा माणूस दिसला की स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडत. "एक हातना राम राम म्हनजे माशी हाकलनं शे, भाऊ!" अशाच एका राम रामात जीप केळीच्या बैलगाडीला भिडली. गाडीवानानं उलट राम राम घातला, पण परवान्याच्या साहेबांनी ते पाहिलं आणि नानांना तपासायला कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईंकडे धाडलं.

बाईंनी आकडे उलटे म्हणायला सांगितले. नाना म्हणाले, "बाई, गाडी उलटी लेवानी व्हई त मी मांगे देखस. आकडा कसाले उलटा?" आणि मग घडाघडा म्हणून दाखवले. नंतर बाई जीपमध्ये बसल्या. बाजारात सात राम राम झाले, सातही वेळा बाईंनी डोळे मिटले.

"नाना, डोळे, हात, डोकं, सगळं उत्तम. पण माणूस दिसला की तुम्हाला रस्ता दिसत नाही. महिन्यानं परत बघू."

"परवाना गया त घरमा बठीसन कोनले राम राम करू?" नाना मला म्हणाले.

मी पेटलो. रातोरात पत्रक काढलं: "नानांना वाचवा! जीप दिसताच तोंड फिरवा!" गाव एकदिलानं उठलं. महिना भरला, त्या सोमवारी बाई पुन्हा जीपमध्ये बसल्या; शिंपी मशीनवर वाकला, भाजीवाल्या अक्कांनी तोंडावर पदर ओढला. नाना प्रत्येकापाशी जीप हळू करत, बघत, पुढे जात. हात स्टिअरिंगवरच. बाईंनी खूश होऊन सही केली.

नानांनी कागद खिशात घातला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "परवाना भेटी गया रे भाऊ. पन बठ्ठा मानसं गयात, एकबी ऱ्हायना नही."

पत्रकाचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायला त्यांच्याशी बोलत कोण होतं? आणि मी सांगायला गेलो, तर हसून म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

तर अन्याय मी केला. आता जीप मी चालवतो. नाना डावीकडे बसतात, दोन्ही हात मांडीवर, मोकळे. म्हणून ही मागणी: माझं ते पत्रक फाडा. जीप दिसली की थांबा, आणि नानांना राम राम करा.

एका हातानं नाही.