क्षेत्रपालाचा भात

आमच्या गावची मातामाय मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावून बसली होती, तोवर तिला कोणी शास्त्र विचारलं नव्हतं. मग समिती झाली. समितीला फरशीचं, दाराला लोखंडी जाळी असलेलं देऊळ हवं होतं, देवळाला संगमरवरी मूर्ती आणि मूर्तीत प्राण घालायला नागपूरचे शास्त्रीबुवा. वेशीवर फलक लागला : शुद्ध वैदिक पद्धतीने प्राणप्रतिष्ठा. 'शुद्ध' हा शब्द आमच्याकडे तोवर तुपाच्या डब्यावरच दिसायचा.

बुवांनी गाडीतून उतरल्या उतरल्या मोहाच्या बुंध्याशी लिंबं, कोंबडीची पिसं आणि मोहाच्या दारूचा द्रोण पाहिला आणि नाकाला उपरणं लावलं. "हे तांत्रिक प्रकार. वैदिक स्थानी चालायचे नाहीत."

म्हणजे बाई चालायची नाही. बाई गोंडाच्या घरची, सत्तरी ओलांडलेली. सासूमागून मातामायचं सगळं तीच करायची. पेरणीआधी घराघरातून ओंजळभर धान तिच्यापुढे यायचं. ती ते एकत्र कालवायची, मातामायला दाखवायची आणि ज्याला त्याला मूठभर परत द्यायची. ती मूठ बियाण्यात मिसळल्याशिवाय गावात कोणी भाताचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकत नसे.

समितीच्या अध्यक्षांनी तिला समजावलं, "बाई, आता तुमी जाळीच्या भायेर बसा. बियान्याचं बुवा मंत्रानं करतीन. पुढच्या सालापासून आपन मोबाइलवर लावून देऊ."

"मातामाय मोबाइल आयकते का जी?"

यावर समितीचा ठराव झालेला नव्हता. बाई मोहाखाली जाऊन बसली. जवळून जाताना मला म्हणाली, "गुरुजी, सारं गाव माह्या हातची मूठ नेत होतं. आता या हातानं का करू, माश्या हाकलू?"

मी शाळेत संस्कृत शिकवलं, म्हणून शोभेला मला बुवांशेजारी बसवलं होतं, अंगावर समितीची शाल घालून. विधी सुरू झाला. बुवांनी हळदकुंकवाने त्रिकोणात त्रिकोण काढले, न्यास म्हणून बोटं हृदयाला, डोक्याला, शेंडीला, डोळ्यांना लावली, आणि ह्रीं, क्लीं अशी बीजाक्षरं खणखणीत म्हटली. चारही वेद उलटे धरून झटकले तरी त्यातून ही अक्षरं पडायची नाहीत. त्रिकोण, न्यास, बीजं, सगळं सामान तांत्रिकांच्या घरचं. कधीकाळी मागून आणलेलं आणि परत द्यायचं राहून गेलेलं. ज्यांच्याकडून आणलं त्यांनाच आता जाळीबाहेर बसवायचं होतं. हे सगळं मला माहीत होतं. मी बोललो नाही. शाल उबदार होती.

शेवटी क्षेत्रपालाचा, म्हणजे शिवेच्या राखणदाराचा, बळी आला. बळी म्हणजे पत्रावळीवर भात, उडीद, कुंकू, कणकेचा पेटता दिवा आणि वर कापलेलं लिंबू. बुवा म्हणाले, "हे एकाने वेशीबाहेर ठेवून यायचं. वाटेत काही झालं तरी मागे वळून पाहायचं नाही."

समितीतला प्रत्येक जण आपल्या पायांकडे पाहू लागला. एक सदस्य हळूच म्हणाला, "हे तं बाईचं काम आहे ना." अध्यक्षांना लाज वाटली. त्यांनी पत्रावळ उचलली आणि ते निघाले. पन्नासेक पावलं गेले असतील, तोच मंडपातून त्यांची बायको ओरडली, "अवो, तुमचा मोबाइल वाजून राह्यला!"

अध्यक्ष वळले. सगळ्या गावाने पाहिलं.

पत्रावळ तिथेच टाकून ते धावत परत आले. "बुवा, आता काय करू?"

बुवांनी पोथी पुढे उलटली, मागे उलटली. "याचा परिहार इथे दिलेला नाही."

"मंग कोनाले इचारू?"

बुवा उपरणं सारखं करत मोहाकडे पाहू लागले. "इकडचं कोणी स्थानिक जाणकार असेल तर..."

सगळं गाव मोहाखाली गेलं. बाईने अध्यक्षांना आपादमस्तक न्याहाळलं. "काऊन जी भाऊ, शुद्ध नाई झालं का?"

"बाई, हसू नोका. घरी नातीन लहान आहे."

"करून देते. पन जाळी उघडी राहीन. आन् बियानं माह्याच हातानं."

बुवा म्हणाले, "तत्त्वतः पाहता..."

"बुवा, तुमी चूप बसा ना जी!" अध्यक्ष म्हणाले.

तिने अध्यक्षांवरून तीनदा लिंबू उतरवलं, त्यांच्याच टाचेखाली फोडायला लावलं, आणि ती टाकलेली पत्रावळ उचलून वेशीबाहेर नेऊन ठेवली. बुवांनी केलं त्याहून मला त्यात फारसं वेगळं दिसलं नाही. मंत्र गोंडीत होता आणि आटोपशीर होता. निघताना बुवांनी तिला बाजूला बोलावून गाडीसाठी एक लिंबू मागून घेतलं. रस्ता जंगलातला होता.

यंदा पऱ्ह्यांच्या आधी बाई फरशीवर पाय पसरून धान कालवत होती. जाळी उघडी होती. माझी पाळी आली तेव्हा तिने माझ्या ओंजळीत मूठ सोडली.

"गुरुजी, तुमी तं शिकलेले. बुवा बी तेच करून राह्यला होता, नाई का?"

"हो, बाई."

"मंग तवा बोलले काऊन नाई?"

मागे रांग होती. मी धान सांभाळत बाजूला झालो.