शर्ट धुणारे काका

माणूस बघितला की त्याच्या पोटात काय आहे ते मला एका नजरेत कळतं. माझी बायको चार महिने एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून माझ्यासमोर जेवत होती, तेवढं मात्र कळलं नाही.

कर्वेनगरला पोरं दत्तक देणारी एक संस्था आहे, तिची व्हॅन मी चालवतो. बायको तिथंच पोरं सांभाळते. शाळेचं म्हणाल तर मी दारातूनच परत आलो. हे मी बोलतोय आणि भाची लिहून घेतीये. मधेमधे हसते, ते लिहीत नाही.

संस्थेत एक पोरगी होती, दीड वर्षाची. पाळण्यात झोपायची नाही, कडेवर झोपायची नाही, व्हॅन चालू झाली की झोपायची. म्हणून दुपारी मी दूध-भाजी आणायला निघालो की बायको तिला घेऊन मागं बसायची. पोरगी आरशातून माझ्याकडं बघत राहायची. मी तोंड वेडंवाकडं करून खोटं शिंकलो की खिदळायची, आणि कोथरूड यायच्या आत गार. पोरं येतात, जातात, हे मला माहीत होतं. पण जातात ती दुसरी, असं वाटायचं. एकदा जेवताना मी बायकोला म्हणलं, "हिला आपणच घेऊ या का? आपल्याला तरी कोण आहे?"

ती भाकरी मोडत म्हणाली, "बघू."

'बघू' म्हणजे काही 'नाही' नव्हे. मी तेवढ्यावर मनात पोरीचं नावसुद्धा ठेवून टाकलं.

मधे एक भानगड झाली. पोरगी एक राखाडी शर्ट कवटाळून झोपायला लागली. बाईमाणसाचा, वापरलेला, घामाचा वास येणारा. म्हणलं, कुणीतरी न धुताच देणगीत दिलाय. मी प्रेमानं तो गाडीच्या शाम्पूनं दोनदा धुतला, बॉनेटवर वाळवला आणि घडी घालून बायकोच्या हातात दिला. तिनं शर्ट नाकाला लावला, उलटा करून परत लावला.

"कुणी सांगितले होते हो नसते उद्योग?"

दोन दिवस बोलली नाही. मला वाटलं शाम्पू संपवला म्हणून चिडली.

त्याच सुमाराला मॅडमनी एक फाईल कलेक्टर कचेरीत पोचवायला दिली. मॅडम म्हणजे आमच्या संस्थेच्या मुख्य बाई. फाईल शेजारच्या सीटवर ठेवली आणि वाटेत घेतलेला वडापाव त्या फाईलवर. पोरीच्या जाण्याचे कागद होते ते, हे मला नंतर कळलं. त्यावर चटणी सांडली ती मी माझ्या शर्टाच्या बाहीनं पुसली, तेवढी काळजी घेतली.

मग एक दिवस बायको म्हणाली, "गावाकडं घरावरचे पत्रे उडालेत म्हणे. चार दिवस जाऊन बघून या."

गाव खडकवासल्याच्या पलीकडं. गेलो तर पत्रे जागच्या जागी. म्हणलं, भावकीतल्या कुणीतरी बसवले असतील, चांगली माणसं आहेत. माणूस ओळखणारा मी! आलोच आहे तर म्हणून माळ्यावर चढलो. तिथं माझा लहानपणचा पाळणा पडला होता, एक दांडी मोडलेली. तो सुटा करून एसटीनं पुण्याला आणला. दुसऱ्या दिवशी सुताराकडं टाकायचा म्हणून सकाळीच व्हॅनमध्ये मागं ठेवला.

तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. "मुंबई विमानतळ. पाहुणे सोडायचेत."

दारात एक गोरं जोडपं उभं होतं, दोन मोठ्या बॅगा घेऊन. त्यांच्या देशाचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. मागून बायको आली. पोरगी कडेवर, अंगात नवा फ्रॉक. गोऱ्या बाईनं हात पुढं केले, तर पोरगी बायकोच्या कडेवरून सरळ तिकडं झेपावली. "मम्मा!"

मी हसलो. "आता कुणालाही मम्मा म्हणायला लागली का ही?"

"कुणालाही नाही, आईलाच म्हणतीये," मॅडम म्हणाल्या. मग बायकोकडं वळल्या. "तुम्ही यांना अजून सांगितलं नाहीत?"

बायको व्हॅनच्या टायरकडं बघत म्हणाली, "सांगणार होते."

तेवढ्यात गोऱ्यानं बॅग ठेवायला मागचं दार उघडलं. बॅग आत जाईना, पाळणा आडवा येत होता. बायकोनं पाळणा बघितला. दांड्या एकेक करून स्वतःच सीटखाली सरकवल्या.

निघालो. बायको माझ्या शेजारी, ते तिघं मागं. मी आरशात बघून शिंकलो. पोरीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि बाईच्या मानेत तोंड खुपसलं. चांदणी चौक गेला, पुढं हायवे लागला, मी आठ-दहा वेळा शिंकलो असेन. शेवटी गोऱ्यानं मला रुमाल दिला.

लोणावळ्याला चहाला थांबलो. गोरी बाई तिच्या फोनमध्ये काहीतरी बोलली, तर फोन मराठीत बोलायला लागला, बातम्या सांगतात तसा.

"शर्ट धुणारे काका आपणच का?"

चहा माझ्या नाकात गेला. मी बायकोकडं बघितलं.

ती म्हणाली, "तिचाच होता तो शर्ट. आठ दिवस अंगात घालून न धुता पाठवला होता. पोरीला आईचा वास ओळखीचा व्हावा म्हणून. तुम्ही शाम्पू लावून आई धुऊन टाकलीत. मॅडमनी त्यांना कळवलं, मग दुसरा आला. मी रोज पोरीला फोटो दाखवत होते, त्यांचा आवाज ऐकवत होते. तुम्ही गावाला होता ते चार दिवस ही दोघं तिच्यापाशीच होती."

म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या बाईला माझी धुलाई माहीत होती. दूधवाल्यालाही असेल. माहीत नव्हतं ते फक्त मला.

विमानतळावर मी बॅगा उतरवल्या. त्यांना अजून दोन विमानं आणि मग चार तास गाडीनं जायचं होतं. खरं सांगतो, मी वाट बघत होतो. पोरीनं एकदा रडावं. एकदाच, माझ्याकडं हात करून. ती बाईच्या खांद्यावर, तो न धुतलेला दुसरा शर्ट मुठीत. दाराशी गेल्यावर वळली आणि हात हलवला. टाटा. मग काचेच्या आत गेली.

परत येताना सीटखाली पाळण्याच्या दांड्या खडखडत होत्या. टोलनाका गेल्यावर मला राहवेना.

"चार महिने! एका घरात राहतो आपण."

"सांगितलं असतं तर रोज तिच्यासमोर नाक ओढत बसला असता," बायको म्हणाली. "लेकरं तोंडावरून ओळखतात. तिला वाटलं असतं, आपल्याला कुठंतरी वाईट जागी पाठवतायत."

"मग बघू कशाला म्हणालीस?"

"तुम्ही जेवत होता."

मी गिअर बदलला. दांड्या वाजत राहिल्या. घाट चढून वर आलो तरी मला काहीतरी माझ्या बाजूचं सापडत नव्हतं. मग सापडलं.

म्हणलं, "काही म्हण, जाताना मला टाटा तरी केला तिनं."

बायको खिडकीबाहेर बघत होती. मान न वळवता म्हणाली, "तो गाडीला होता."