शेवटच्या दोन होड्या

धरणाच्या पाण्यावर पूर्वी आमच्या क्लबच्या पुष्कळ छोट्या शिडाच्या होड्या असत. सगळ्या एकाच मापाच्या, त्यामुळे होडी जिंकली असं कुणी म्हणत नसे. जिंकायचा तो माणूसच. पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि या लाकडी कुजत गेल्या. दोनच उरल्या, बाबांची आणि त्यांचे मित्र मधुकाका यांची. यंदा मधुकाका गेले.

रविवारी बाबांनी दोन्ही होड्यांना शिडं चढवली.

"काकांची तू घे."

"बाबा, मला कुठे येतं?"

"हरलीस तरी चालेल गं. पण शेजारी कुणीतरी हवं!"

मी बसले. वारा सुटला. बाबा पुढे गेले, मग शीड सैल सोडून माझ्यासाठी थांबले. मला त्यांच्यापर्यंत पोचताच येईना.