आमच्या घराण्यात गुठळी नाही!

आमचे हे रंगारी. भिंती रंगवतात आणि ब्रशपेक्षा तोंड जास्त चालवतात. रंगात गुठळी राहिली की यांचा जीव जातो. प्रत्येक डबा फडक्यातून गाळणार, वर बोटांनी चाचपून बघणार. सासरेही रंगारीच, तेही तसलेच. "आपल्या घराण्यात गुठळी नाही," हे मी लग्नापासून ऐकतेय. एकदा माझ्या सूपमध्ये निघाली, तर कुणी गेल्यासारखा चेहरा करून बसले!

शिड्या चढून चढून गुडघा पार कामातून गेला. बदलायचं ठरलं. ऑपरेशनआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, घरात कुणाला गुठळ्या झाल्या होत्या?"

झालं! हे ताडकन उठून बसले. "आमच्या घरात? कुठल्याही भिंतीवरून हात फिरवून बघा!"

"भिंतीच्या नाही हो, रक्ताच्या."

"रक्तात नाही, म्हणून तर भिंतीवर नाही!"

बाई हसल्या, मीही हसले. आणि हसता हसता मला एकदम आठवलं.

"थांबा," मी म्हणाले. "यांच्या बहिणीचा पाय बाळंतपणानंतर सुजून भोपळा झाला होता. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. आणि मामंजी... पायाला प्लॅस्टर होतं, चहा पिता पिता धाप लागली आणि गेलेच. सगळे म्हणाले, हृदय बंद पडलं."

"अगं, घरातलं बाहेर कशाला काढतेस?" हे दबक्या आवाजात.

"तुम्ही गप्प बसा! मला तुम्ही हवे आहात, घराण्याचं नाव घेऊन काय करू?"

बाई आता हसत नव्हत्या. म्हणाल्या, काहींच्या रक्तात गुठळ्या लवकर होतात, आणि ते आईबापाकडून येतं. सांधा बदलल्यावर पायात झालेली गुठळी फुफ्फुसात गेली तर माणूस हाती लागत नाही. त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं आणि रक्त तपासलं. निघालंच तसं.

मग बेतानं सगळं पार पडलं. घरी आल्यावर रोज पोटात इंजेक्शन. तिसऱ्या मजल्यावर शिडीवर गाणी म्हणणारा माणूस सुई बघून उशीत तोंड खुपसायचा. मी म्हणायचे, "रंग पातळ करता ना? तसंच समजा."

आता बिनकाठीचे चालतात. पण बाईंनी बजावलं होतं, मुलांनाही सांगा. आमची लेक पोटुशी आहे. मी फोन लावला, तर यांनी तो हातातून काढून घेतला. दोनदा खाकरले.

"बाळा, तुझ्या डॉक्टरांना एक सांग," म्हणाले. समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"सांग, आमच्या घराण्यात गुठळी आहे. आजोबांना असणार, आत्याला झाली, माझ्या रक्तात आहे. लाजू नकोस, ठणकावून सांग."

मला रडूच आलं. हे मात्र फोन ठेवून माझ्यावर गुरकावले, "भिंतीवर नाही हं!"